बाकावरचा अर्धा तास

जुई आणि केदार,

हे पत्र दोघांनी पूर्ण वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सारांश सांगू नका. सारांशात माझी चूक लहान होईल.

गेल्या मंगळवारी जुईचा निरोप आला. तिला जळजळ होत होती, कसली ते केदारसमोर लिहीत नाही. कॅनडात म्हणे आता असल्या किरकोळ दुखण्यांना डॉक्टरकडे जावं लागत नाही. औषधाच्या दुकानातला माणूसच चार प्रश्न विचारतो आणि स्वतः औषध लिहून देतो. ‘दहा मिनिटांत काम झालं, आजी. कशाची ॲलर्जी आहे का विचारलं, मी नाही म्हटलं, संपलं.’

जुई, ते वाचून मी तुला लगेच गोळीचं नाव विचारलं, तू पाकिटाचा फोटो पाठवलास. गोळी वेगळी होती. तरी मी तुला एवढं लिहिलं, की सल्फाचं कुठलंही औषध घेऊ नकोस, कारण नंतर कळवते. तू एक हसरा चेहरा पाठवलास आणि विचारलंस, ‘का गं?’

त्याचं उत्तर द्यायला मला आधी एका माणसाबद्दल लिहावं लागेल. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं आहे, पण दोघांनाही आठवणार नाही.

आम्ही मीरा रोडला राहायला आलो तेव्हा पेणकरपाड्याच्या वळणावर त्यांचं औषधाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, पुढे एक फळीचं काउंटर आणि काउंटरसमोर भिंतीला टेकवलेला लाकडी बाक. ते मूळचे उत्तनचे. घरात मासेमारी, तीन भाऊ होडीवर, आणि हे एकटेच शिकून केमिस्ट झालेले. पांढरा शर्ट, गळ्यात बारीक क्रूस, आणि मनगटावर घड्याळ असूनही काउंटरवर समोर उभं करून ठेवलेलं दुसरं एक गजराचं घड्याळ.

आमच्या इमारतीत त्यांचं नाव पडलं होतं ‘अर्धा तास’. ‘खोकल्याचं औषध कुठून आणलंस, अर्ध्या तासाकडून?’ असं लोक सरळ विचारत. कारण त्यांचा एक नियम होता. डॉक्टरची चिठ्ठी असो नसो, जे औषध तुम्ही जन्मात पहिल्यांदा घेत असाल त्याचा पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा. ते स्टीलच्या पेल्यात पाणी देत. मग बाकावर बसायचं, अर्धा तास. घड्याळाकडे बघून ते तुम्हाला सोडत. साधी सर्दीची गोळी असली तरी.

आणि तो अर्धा तास ते तुमच्याकडे बघत. दुसऱ्या गिऱ्हाइकाला औषध देताना, पैसे परत करताना, मधूनच मान वर करून तुमच्या ओठांकडे, गळ्याकडे, हातांच्या मागच्या बाजूकडे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जिग्नाबेन एकदा कंबरदुखीची गोळी घेऊन बसल्या होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘भाईसाब, आप ऐसे घूरते हो ना, तो मुझे खुजली होने लगती है.’ त्याबरोबर ते काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आले. ‘किधर? किधर खुजली होती है?’ जिग्नाबेनना मस्करी केली म्हणून शपथेवर सांगावं लागलं. तरी त्यांना पंधरा मिनिटं जास्तच बसवलं.

दुकानात त्यांनी कधी रेडिओ लावला नाही. बाकावरच्या माणसाचा श्वास ऐकू यायला हवा, असं म्हणायचे. गोळ्यांची पट्टी कापून द्यायची असली तर प्रत्येक तुकड्यामागे मार्करने औषधाचं नाव लिहीत, दोन गोळ्यांचा तुकडा असला तरी. एकदा तुमचे आजोबा म्हणाले, ‘अहो, मी घरी पोचेपर्यंत खाऊन टाकणार आहे, कशाला लिहिताय?’ त्यावर ते म्हणाले, ‘घरी न्हाय पोचला तर?’

आजोबांनी ते घरी येऊन हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मला त्या माणसाचा रागच यायचा. मी तीस वर्षं कचेरीत फायली सांभाळलेली बाई. माझ्या औषधांच्या डब्यालासुद्धा इंग्रजीत चिकटपट्ट्या लावलेल्या असत, ताप, पोट, कान, अंगदुखी. असं उगीच भीती घालणं मला अडाणीपणाचं वाटे. मी त्यांना वाद घालून सांगायची की बाहेरच्या देशांत केमिस्टला मान असतो, लहानसहान दुखण्यांना तोच औषध लिहून देतो, आपल्याकडेही तसा कायदा व्हायला हवा. गरिबाची डॉक्टरची फेरी वाचेल.

‘फेरी वाचंल, ते खरं हाय,’ ते म्हणाले.

‘मग? तुम्हाला नको का अधिकार?’

‘नको, बाई.’

‘का? तुम्हाला काय कमी कळतं?’

‘मला कळतं. पण मी इचारणार आणि समोरचा सांगणार. तो काय सांगंल, ते माझ्या हातात हाय का?’ आणि मग नेहमीचं वाक्य म्हणाले. ‘औषध म्हणजे अनोळखी पाव्हणा. घरात घ्यायच्या आधी थोडा वेळ दारात बसवायचा.’

हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी पिशवी उचलायची.

बाक कशासाठी, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही आजोबांना. तरुणपणी ते उत्तनला नातेवाइकाच्या दुकानात काम करत. शेजारच्या पाली गावचा एक माणूस दाढ दुखते म्हणून आला. यांनी पट्टीतून दोन गोळ्या कापून दिल्या. त्याने एक तिथेच तोंडात टाकली, एक खिशात ठेवली आणि सायकलवर बसून गेला. पालीच्या गल्लीत तो सायकलवरून पडलेला सापडला. तोंड सुजून डोळे मिटलेले. डॉक्टरने विचारलं, याने काय खाल्लं, तर कोणालाच सांगता येईना. खिशात गोळी होती, पण कापलेल्या तुकड्यावर नाव आलेलं नव्हतं. तो माणूस गेला.

‘आणि मी तवा दुकानात बसून चहा पीत होतो,’ असं ते आजोबांना म्हणाले. ‘मस्तपैकी चहा पीत होतो.’

आता आपल्या घरातलं लिहिते.

जुई, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. केदारच्या वेळी तुमच्या आईला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. ती नाशिकला माहेरी होती, बाबाही तिथेच होते, आणि तुला पंधरा दिवस माझ्याकडे ठेवलं होतं. त्या रविवारी सकाळी बाबांचा फोन आला की आईला दवाखान्यात नेलंय, कधीही कळेल, फोनजवळच राहा. आजोबा त्या दिवशी पुण्याला लग्नाला गेले होते. आणि तू कान धरून रडत होतीस. अंगात ताप होता.

आपले डॉक्टर रविवारी बसत नसत. पण तुझ्या बाबांचे कान लहानपणी सारखे दुखत, आणि प्रत्येक वेळी एकाच औषधाने बरं वाटे. त्याचं नाव मला पाठ होतं. मी तुला कडेवर घेतलं, शेजारी फोनकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि वळणावरच्या दुकानात जाऊन ते मागितलं.

‘चिठ्ठी?’ त्यांनी विचारलं.

‘डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय.’

मी डॉक्टरांना फोन केलाच नव्हता.

त्यांनी बाटली काढली, पण हातातच धरून ठेवली. ‘पोरीनं हे आधी घेतलंय?’

‘आमच्या घरात नेहमीचंच आहे.’

‘घरात न्हाय. हिनं?’

बाकावर कोणी नव्हतं. बाकावर ऊन आलं होतं. मला दिसत होतं, ‘नाही’ म्हटलं की तिथे तुला मांडीवर घेऊन अर्धा तास बसावं लागेल आणि तेवढ्यात नाशिकचा फोन येऊन जाईल.

‘हो, हिनेच,’ मी म्हटलं. ‘मागच्या महिन्यात.’

‘काय त्रास?’

‘काही नाही.’

त्यांनी बाटलीवर मार्करने तुझं नाव लिहिलं आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘तुमच्यासारख्या माणसाचं खरं न्हाय धरायचं, तर कोणाचं धरायचं?’

घरी येऊन मी तुला एक चमचा औषध दिलं. फोन आलेला नव्हता. तू खेळायला बसलीस. मी भात लावला. कुकरच्या शिट्टीबरोबर तू स्वयंपाकघराच्या दारात आलीस आणि म्हणालीस, ‘आजी, माझे ओठ मोठे झालेत.’

मी वळून बघितलं. ते चित्र मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, आताही नीट लिहवत नाही. ओठ सुजलेले, एक डोळा अर्धा मिटलेला, फ्रॉक वर केला तर सगळ्या पोटावर लाल गांधी. आणि तू श्वास घेताना एक बारीक शीळ वाजत होती. तू रडत नव्हतीस, याचीच मला जास्त भीती वाटली.

मी गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. बाटली घेतली, हे मात्र आठवतं. जिन्यावरून उतरले आणि धावत वळणावर गेले. दवाखाना दुसऱ्या दिशेला होता, रिक्षा आमच्या इमारतीच्या फाटकाशीच उभ्या असत, पण मला दुसरं काही सुचलं नाही. मी सवयीने त्यांच्याकडे गेले.

त्यांनी तुला लांबूनच पाहिलं. शटर ओढलं, कुलूप न लावता. काउंटरवर कोणाचे तरी पैसे तसेच राहिले. रिक्षा थांबवून त्यांनी तुला माझ्या हातातून घेतलं आणि सरळ धरून मांडीवर बसवलं.

‘बाय, मला आकडे म्हणून दाखव,’ ते तुला म्हणाले. ‘एकपासून.’

तू म्हणायला लागलीस. एक, दोन, तीन. मी म्हटलं, तिला दम लागतोय, कशाला बोलायला लावताय. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आवाज आला पायजे. आवाज येतोय तोवर वाट उघडी हाय.’

तुझा आवाज घोगरा होत होता. अकरा, बारा. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तू सोळावर होतीस. सतरा म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली, ‘घे, तोड सिग्नल, मेरे नाम पे तोड.’ आणि मग अगदी हलक्या आवाजात मला विचारलं, ‘आधी घेतलं होतं ना?’

मी बाहेर बघत राहिले.

दवाखान्यात तुला टेबलावर घेतलं, सुई दिली, नाकावर ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते, चिडके होते, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. ‘हे औषध मुलीने पूर्वी कधी घेतलंय?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘पहिल्यांदाच.’

ते केमिस्ट माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

‘कोणी दिलं?’

‘मी दिलं,’ ते म्हणाले. ‘माझं दुकान हाय.’

‘चिठ्ठीशिवाय?’

‘हां.’

मग डॉक्टर त्यांना सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही लोक स्वतःला डॉक्टर समजता, तुमच्यासारख्यांची दुकानं बंद केली पाहिजेत, मुलगी गेली असती तर तुम्हाला आत पाठवलं असतं. परिचारिका थांबून ऐकत होत्या, बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावत होती. त्यांचं दुकान, परवाना, सगळं त्या क्षणी माझ्या एका वाक्यावर होतं. मी म्हणायला हवं होतं की डॉक्टर, या माणसाने मला तीनदा विचारलं आणि मी तीनदा खोटं बोलले. मी नुसती तुझा पाय धरून उभी राहिले.

दुपारी तुझा डोळा उघडला. तू पाणी मागितलंस. तेव्हा ते दुकान उघडायला गेले. जाताना फक्त एवढं म्हणाले, ‘सूनबाईला सांगा. लिहून द्या. पोर मोठी होईल, डॉक्टर बदलतील, गाव बदलंल. तिच्याबरोबर हे गेलं पायजे.’ आणि दवाखान्याच्याच एका कागदावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या हातात दिलं.

केदार, तू त्या सकाळी जन्मलास. तुझ्या बाबांनी घरी दहा वेळा फोन केला आणि तो दहा वेळा वाजून थांबला. शेजारच्यांना तो ऐकूच गेला नाही. संध्याकाळी मी जुईला घेऊन घरी आले तेव्हा तो पुन्हा वाजत होता. ‘आई, कुठे होतीस? मुलगा झाला,’ बाबा म्हणाले. मी म्हटलं, ‘जुईला बागेत नेलं होतं रे.’

बाळंतिणीला घाबरवायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सव्वा महिना झाला की सांगू. मग बारसं आलं. मग वाटलं की आता सांगितलं तर इतके दिवस का लपवलं, हे आधी विचारतील. आजोबा लग्नाहून आले, त्यांनाही सांगितलं नाही. तो कागद पुस्तकात होता, एक दिवस मी तो फाडला. आणि जितकी वर्षं गेली तितकं ते सांगणं अवघड झालं. तुमचं कुटुंब कॅनडाला गेलं तेव्हा विमानतळावर माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुमची आई वजनकाट्याशी सामानाची हलवाहलव करत होती.

त्या केमिस्टनी मला एकदाही दोष दिला नाही. माझ्या घरी औषध द्यायचंही थांबवलं नाही. फक्त पिशवी हातात देताना दर वेळी विचारत, ‘सांगितलं?’ मी म्हणायची, ‘या सुट्टीत सांगते.’ हे दोन-तीन वर्षं चाललं. त्या एका शब्दाची मला इतकी धास्ती बसली की डोकं दुखलं तरी मी गोळी आणायला जात नसे. शेवटी एक दिवस त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, ‘हो, सांगितलं.’ ते ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर कधी विचारलं नाही.

पुढे त्यांच्या गाळ्याची इमारत पाडायला काढली आणि त्यांनी गाळा सोडला. ते उत्तनला परत गेले. वळणावर आता एक मोठं औषधाचं दुकान आहे, काचेच्या दाराचं, आणि मोबाइलवर मागवलं तर औषध घरी येतं. कोणी काही विचारत नाही.

मंगळवारी तुझा निरोप आला, जुई, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला नुसतं ‘सल्फा’ आठवतंय, नेमकं नाव आठवत नाही. बाबांच्या वेळची बाटली डोळ्यांसमोर येई, पण तिच्यावरचं नाव पुसलेलं. म्हणून बुधवारी रिक्षा करून उत्तनला गेले. दोघांना विचारून घर सापडलं. अंगणात दोरीवर बोंबील वाळत घातले होते, आणि ते पडवीत खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या पुढे असतील. एका कानाला यंत्र. मला वाटलं, ओळख सांगावी लागेल.

‘बसा, बाई,’ ते म्हणाले. ‘पोर बरी हाय?’

मी म्हटलं, बरी आहे, पण मला त्या दिवशीच्या औषधाचं नाव हवं आहे. त्यांनी थांबून आठवलंसुद्धा नाही. नाव सांगितलं, आत कुठली दोन औषधं एकत्र असतात ते सांगितलं, बाटलीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं तेही सांगितलं. मी नाव कागदावर लिहून घेतलं. खात्रीसाठी दोनदा लिहिलं.

‘म्हणजे अजून न्हाय सांगितलं,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘मला ठाव होतं. तवाच ठाव होतं.’

‘मी सांगितलं म्हटलं तेव्हा?’

‘तुम्ही खोटं बोलता तवा लई स्पष्ट बोलता.’ ते हसले, पण थोडंच.

‘मग पुन्हा का विचारलं नाहीत?’

‘परत इचारलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दुकानात गेला असता. तिथं कोणाला ठाव होतं पोरीचं? सुट्टीला आली, आजारी पडली, तर निदान माझ्याकडं तरी आणाल, म्हणून गप बसलो.’

म्हणजे तुम्ही दर उन्हाळ्यात माझ्याकडे यायचात तेव्हा एक माणूस वळणावर बसून हे एकट्याने लक्षात ठेवत होता.

मी म्हटलं, त्या दिवशी दवाखान्यात मी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, ‘ते जाऊ द्या. मीबी बसवायला पायजे होतं. तुम्ही काय वाट्टेल ते सांगितलं असतं, तरी बसवायला पायजे होतं.’ इतकी वर्षं तेही ते स्वतःच्याच डोक्यावर घेऊन बसले होते. त्यांच्या सुनेने चहा आणला. मी कप उचलला तर म्हणाले, ‘चहा राहू द्या. घरी जा आणि पोरीला लिवा.’

तर जुई, आता तुझ्या ‘का गं’चं उत्तर. त्या औषधाचं नाव कोट्रायमोक्साझोल. त्यात सल्फामेथोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम ही दोन औषधं असतात. यांतल्या कशाने झालं, हे तेव्हा कोणी तपासलं नाही, म्हणून दोन्ही टाळायची. तुला झालेल्या दुखण्यासाठी ही औषधं देतात, अशी मी इथल्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. या वेळी तिथल्या केमिस्टने दुसरी गोळी दिली, हे नशीब. त्याने विचारायचं ते विचारलं होतं. तू दिलेलं उत्तर चुकीचं होतं, आणि ते मी तुला दिलेलं होतं. तिथे केमिस्टला औषध लिहून द्यायचा अधिकार आहे, हे मला अजूनही चांगलंच वाटतं. पण यापुढे प्रश्न आला की ‘हो’ म्हण, नाव सांग आणि ते लिहून घ्यायला लाव. तुझ्या आईबाबांना मी आज वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यांनी रागवावं.

वळणावरचं ते दुकान आता नाही, आणि बाकाचं काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढ्या वर्षांनी ती ॲलर्जी गेलीही असेल, पण तपासणी केल्याशिवाय तसं धरून चालायचं नाही. तोवर ती तुझ्या अंगात आहे.